तांबूची पेटी

पेटी धुतलेलं पाणी सुगंधाने रागारागात परसातल्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावलं, आणि पलीकडून कोणीतरी ओरडलं.

"अगो, बघून तरी ओत! भिजवलंस माका!"

गडग्यावर एक ओलंचिंब डोकं उगवलं. शेजारच्या राधाबाईंचा लवू! मुंबईला गोदीत कामाला असतो, रजेवर आलाय, एवढंच तिने ऐकलं होतं. असा भिजूनही हसतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"गडग्याक चिकटान कोण उभो आसात, माका काय ठावक?"

"आणि पाणी कसला ह्या?" त्याने बाही हुंगली. जरा थबकला... मग गालात हसला.

कारण तिच्या पायाशी होतं. तांबू, दोन मुठींत मावेल एवढं कुत्र्याचं तांबडं पिल्लू. कोल्हा उचलून नेईल म्हणून सुगंधा त्याला रात्री मागल्या पडवीत आंब्याच्या पेटीत ठेवी. निजण्याआधी आठवणीने गोठ्यामागे उकिरड्यावर फिरवून आणी. तरी सकाळी पेटी घाण ती घाणच! मग ती पेटी घासायची आणि आईच्या शिस्तीप्रमाणे शेणाने स्वच्छ सारवायची.

"शिकवूक होया त्येका," लवू म्हणाला. "उद्या येतंय."

आला की! रोज येऊ लागला, गडग्यावरून उडी टाकून. एकदा म्हणाला, पेटी पिल्लाला फार मोठी होते, आणि मधे फळी ठोकून गेला. एकदा म्हणाला, संध्याकाळी दूध देऊ नको. तांबू शिकेना. सुगंधा मात्र बिघडत चालली. आमसुलं वाळत घालताना हात थांबायचा, कान गडग्याकडे लागायचे. यायला उशीर झाला की ती उगाचच विहिरीवर जाऊन भरलेली कळशी पुन्हा भरून आणायची. ती पेटी सारवायची तेव्हा तो नुसता बघत राहायचा. काहीतरी ओठांशी यायचं... आणि परत जायचं.

शेवटी यशोदाकाकींचा, म्हणजे सुगंधाच्या आईचा, धीर सुटला.

"उद्या महादू दोडामार्गाक परत जाता. सकाळी पेटी घाण दिसली तर कुत्रो त्येच्यावांगडा काजीत जातलो!"

महादूमामा पाहुणे आले होते, त्यांना काजूच्या बागेत राखणीला कुत्रा हवाच होता. आणि उद्याच मुंबईची पावसाळ्याआधीची शेवटची बोट. लवू त्याच बोटीने जाणार. तांबू जाणार, तोही जाणार! सुगंधाला एका जागी बसवेना. शेणाची पाटी घेऊन ती पेटीजवळ आली, तोच गडग्यावरून आवाज आला.

"सुगंधा... पेटी सारवू नको."

"म्हणजे?"

"तू त्येका उकिरड्यार नेतंस. थंय शेणाचो वास. पेटीतय तोच वास. त्येका वाटता, हीच जागा."

तिच्या हातातली पाटी तशीच राहिली. "ह्या तुका कधी कळला?"

"पयल्याच दिसा," तो खाली बघत म्हणाला. "पाणी अंगार पडला, तेवाच."

"आणि सांगलंस नाय? माझो तांबू गेलो असतो तर!"

"सांगलं असतंय, तर माका येवक निमित्त खंय गावला असता?"

ती फणकाऱ्याने वळली. राग तर आलाच होता, पण गाल का तापले होते कोण जाणे! मागे वळून पाहिलं, तर लवू पेटी विहिरीवर नेऊन नारळाच्या सोडणाने खसाखसा घासत होता. मग त्याने ती उन्हात वाळवली, आत कोरडं गोणपाट घातलं, आणि निघून गेला.

सकाळी सुगंधाने उठल्या उठल्या गोणपाट चाचपलं. कोरडं!

गडग्यापलीकडे लवू उभाच होता. "कोरडा?"

"कोरडा."

"मगे... माझा काम झाला."

"झाला."

"जातंय." पण पाय काही हलेना.

"निमित्ताशिवाय येवक भियातंस?"

"तू बोलवलंस तर... नाय."

"मगे गडग्यावरसून येव नको," सुगंधा एका दमात म्हणाली. "पुढच्या खळ्यातसून ये. आवशीक घेवन ये. मामा निघूच्या आधी!"

गडग्यावरून शेजारी येतो. आईला घेऊन पुढच्या अंगणातून, खळ्यातून येतो तो कशासाठी येतो, ते गावात पोरासोरांनाही कळतं. लवूने सवयीने एक पाय गडग्यावर टाकला, जीभ चावली, आणि घराकडे धावत सुटला.

सुगंधा पडवीत आली, आत गेली, परत आली. येईल ना? की बोटच गाठेल?

"यशोदे, घरात आसस काय गो?" खळ्यातून राधाबाईंची हाक आली. मामांनी चहाची बशी खाली ठेवली. आई पदर सावरत बाहेर आली. लवू धुवट सदऱ्यात, मान खाली घालून उभा होता.

आणि तांबू? तो सगळ्यांच्या पायांतून सुटला, आईने पहाटेच शेणाने सारवलेल्या खळ्याच्या मधोमध गेला आणि खुशाल बसून मोकळा झाला.

आईने कपाळावर हात मारला. सुगंधाने तोंडाला पदर लावला.

"काकी," लवू धीर करून म्हणाला, "खळ्याचा शिकवूक अजून चार दिस होये. बोट जावंदे. मी मगे यष्टीन फोंडाघाटावरसून जातंय."

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराआड लाजून लाल झालेल्या लेकीकडे.

"राधा, वर ये गो," ती म्हणाली. "आणि सुगंधा, च्या ठेव. सगळ्यांका."