यादीबाहेर

"वाच नं व बाई," गिरजाबाई वाढई म्हणाली आणि नुकतंच घेतलेलं पाकीट तिने वनमालाच्या हातात परत दिलं. "मले कुठं वाचता येते? काय लिवलं हाय माह्या नावानं?"

वनमाला देवगडे ही पिपरखुटीची अंगणवाडी सेविका. निवडणूक आली की सरकार तिला बीएलओही करायचं. म्हणजे घरोघर हिंडून मतदारयादी दुरुस्त करायची, गेलेल्यांची नावं वगळायची, अठरा पुरी झालेल्यांची घालायची आणि शेवटी चिठ्ठ्या वाटायच्या. मानधन नावापुरतं, पायपीट मात्र मनसोक्त. या लोकसभेला चिठ्ठीबरोबर एक जाड पाकीटही वाटायचं होतं. त्यातल्या कागदाला परिणामपत्र म्हणत.

वनमालाने पाकीट फोडलं. कागदावर दोन रकाने होते. पहिला कोळशाच्या योजनेचा, त्यात लिहिलं होतं, "फरक नाही". दुसरा सौर योजनेचा. तो वाचून ती उंबऱ्यावरच बसली.

"काहून व? काय झालं?"

"ऊनवाले निवडून आले तर," वनमाला म्हणाली, "दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात... सांजच्याले लाइन जाईल. तुझं टिनाचं घर..."

"मरतो का मी?"

वनमालाने कागद उलटा करून मांडीवर ठेवला. गिरजाबाईने पदराने तोंड पुसलं. वनमालाची आई गेली तेव्हा हिनेच तिला वर्षभर भाकरी करून घातली होती. "बरं," ती म्हणाली, "मंग मी कोळसेवाल्यालेच मत देतो. आनखी काय?"

त्या निवडणुकीत देशापुढे एकच प्रश्न होता, वीज कशातून काढायची. एक आघाडी म्हणे, कोळसा आणखी वीस वर्षं जाळू, चोवीस तास स्वस्त वीज देऊ. दुसरी म्हणे, तीन वर्षांत कोळसा बंद, सगळी वीज उन्हावर. लोकांनी त्यांना कोळसेवाले आणि ऊनवाले अशी नावं ठेवली होती. दोघांच्याही योजनांत माणसं मरणार हे शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले होते. एकीकडे धुराने छाती भरून, दुसरीकडे साठवलेली वीज संपलेल्या उन्हाळी संध्याकाळी उष्म्याने. पण ते सांगत आकड्यांत. देशात चार लाख म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो आणि चहा मागवतो.

मग प्रतिजन आला. प्रतिजन म्हणजे संगणकात बांधलेला आपला जोडीदार. दवाखान्याचे कागद, विजेचं मीटर, घराचं छप्पर, कामाची जागा, चालण्याचा रस्ता, हे सगळं घेऊन यंत्र प्रत्येक नागरिकाची अशी एक प्रतिकृती करी आणि तिला नव्या योजनेखाली पाच वर्षं जगवून पाही. शंभरांतल्या शहाण्णवांबाबत त्याचं भाकीत खरं ठरे. तेव्हा संसदेने कायदा केला की कोणत्याही उमेदवाराची ऊर्जायोजना मतदाराला नुसत्या भाषणातून सांगायची नाही. त्याच्या स्वतःच्या जिवाचं काय होईल, ते पाकिटात घालून त्याच्या हाती द्यायचं. कायदा चांगल्या मनाने केलेला होता, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

पहिली पाकिटं वाटली आणि पिपरखुटीत चुली पेटेनात. कोळशाच्या रकान्यात एकोणीस जण होते, उन्हाच्या रकान्यात सतरा. वीज केंद्राच्या चिमण्या गावाच्या उशालाच, त्यामुळे धूर इथे नवा नव्हता. पण महिना आणि साल लिहून आलेला धूर नवा होता. किराणावाला मोरेश्वर दुकान उघडं टाकून देवळात जाऊन बसला. वनमालाच्या स्वतःच्या कागदावर दोन्हीकडे "फरक नाही" होतं, आणि ते कुणाला सांगायची तिला चोरी झाली.

देशभर असाच आकांत झाला. उमेदवारांच्या गाड्यांवर लोक आपापली परिणामपत्रं फेकू लागले. मतदानाच्या आधी योजना सुधारून घेण्याची कायद्यात सोय होती. दोन्ही आघाड्यांनी ती सुधारली, एकदा नाही, नऊ वेळा. आणि दुसरी पाकिटं आली.

गिरजाबाईच्या कागदावर दोन्हीकडे "फरक नाही". मोरेश्वरचंही तसंच. एकोणिसांतला आणि सतरांतला एकूण एक माणूस सुटला होता. मोरेश्वरने दुकानातला गूळ गावभर वाटला. गिरजाबाईने वनमालाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. वनमालाला रडू आलं, तेही आनंदाने. कितीतरी दिवसांनी गाव हसत होतं.

सोमवारी तालुक्याहून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आला. पुढच्या पाच वर्षांत प्रत्येक केंद्राला किती फॉर्म लागतील, हेही आता यंत्रच काढी. कागदाची नासाडी नको म्हणून. वगळणीचे फॉर्म नेहमीपेक्षा कमी होते. ते ठीकच. नव्या मतदारांचे पंचवीस होते. लग्न होऊन किंवा गाव सोडून जाणाऱ्यांचे वेगळे, सहा. वनमालाला आकडा खटकला. तेरा ते सतरा वयाची गावातली पोरं तिला तोंडपाठ होती. तिनेच त्यांना अंगणवाडीच्या काट्यावर टांगून तोललं होतं, त्यांचे शेंबूड पुसले होते. ती चव्वेचाळीस होती. तिची लेक रेवती धरून.

पंचवीस आणि सहा, एकतीस. उरलेली तेरा पोरं कुठे गेली?

तालुक्याचा कारकून म्हणाला, "मशीन चुकत नाही ताई. तुमचं मोजणं चुकलं असंन." मोजणं चुकलं नव्हतं. तिने तीनदा मोजलं होतं. बुधवारी पहाटेची एसटी धरून ती नागपूरला गेली. बीएलओंच्या शिबिरात प्रतिजन समजावून द्यायला जे डॉक्टर पळशीकर आले होते, त्यांचं ऑफिस तिने विचारत विचारत शोधून काढलं. प्रतिजन बांधणाऱ्या मंडळींतले ते एक. साठीचे, अंगाने वाळलेले, बोलताना टेबलाकडे बघणारे.

तिने आकडे सांगितले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

"तुमचं मोजणं बरोबर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे सर, तेरा लेकरं...?"

"परिणामपत्र कुणाला मिळतं ताई?"

"मतदाराले. यादीत नाव असंन त्याले."

"आणि यादीत नाव कधी येतं?"

"अठरा पुरी झाल्यावर." वनमालाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुम्ही मशीनले लेकरं मारायले सांगितलं?"

"कुणीच नाही सांगितलं. हे मला नीट सांगू द्या. दोन्ही आघाड्यांनी यंत्राला एवढंच विचारलं, की यादीतली नावं कमीत कमी जातील अशी योजना जुळवून दे. यंत्राच्या हातात लाख खुंट्या आहेत. वीज केंद्राचा कुठला संच किती वाजता पेटवायचा, कुठल्या लाइनची वीज कधी तोडायची. त्या पिळून मरण इकडचं तिकडे सरकवता येतं, पण नाहीसं करता येत नाही. वावरात पाणी सोडलं आणि तीन बाजूंनी बांध घातला तर ते चौथीकडून जाणारच. मोठ्या माणसांच्या छातीत धूर जाऊ नये, तर जुने संच पेटवायचे कधी? मोठी माणसं गावाबाहेर असतात तेव्हा. शेतावर, खाणीवर. दुपारी. मुलं तेव्हा कुठे असतात?"

"शाळेत," वनमाला म्हणाली. "चिमण्यांच्या खालीच हाय शाळा."

"आणि संध्याकाळी तुमच्या घरचा पंखा चालावा म्हणून दुपारी शाळेची लाइन बंद. दोघांच्याही योजनेत तेच. नऊ सुधारणांनंतर दोन्ही योजना जवळजवळ सारख्या झाल्यात. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांच्या पाकिटांत 'फरक नाही' आलं."

"मंग तुम्ही बोलत काहून नाही?"

"मी सरकारी नोकर. मला आक्षेप घेता येत नाही. बीएलओला येतो." त्यांनी खणातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत एका जरी केंद्राचा लेखी आक्षेप आला, तर मुलं धरून पुन्हा गणित करावं लागेल. सगळ्या देशाचं."

"मंग तेरा वाचतीन?"

"तसं वचन देणार नाही. त्या तेरांऐवजी दुसरी नावं येतील. काही म्हातारी, काही तुमच्या वयाची, काही मुलंच. पण ती सगळी पाकिटात दिसतील. लोकांनी आपल्या लेकरांची नावं वाचली, तर वीज महाग घेऊ, अर्धीच वापरू, पण हे नको, असं म्हणतील. अशी मला आशा आहे. तशी योजना आहेही. ती आजवर कुणी मागितली नाही."

वनमालाने पेन उचललं. आक्षेपाच्या कागदावर गावाचं नाव लिहिलं, केंद्राचा क्रमांक लिहिला. मग थांबली.

"लेकरांचे प्रतिजन असतात?"

"असतात. सांगायला बंदी आहे." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "एक नाव मी सांगेन. पण माझं ऐका ताई. आधी सही करा. मग विचारा."

त्यांचं म्हणणं तिला कळलं. अगदी पुरतं कळलं. रेवती तेरा वर्षांची, थंडीत तिच्या छातीतून शिट्टी वाजे, आणि वनमाला तिला अंगाशी टेकवून पाठ चोळीत असे. हे सगळं बाजूला ठेवून आधी सही करणारी बाई कुठे असेल तर असो. वनमाला ती नव्हती.

"रेवती सुधाकर देवगडे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग यंत्राकडे वळून नाव घातलं. "नाही," ते म्हणाले. "त्या तेरांत नाही."

तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच शरम वाटली. ती हसली सुद्धा. मग तिने पेन खाली ठेवलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "घरी नेऊन वाचतो सर. मंग पाठवतो." डॉक्टरांनी वर पाहिलं नाही. "हो," ते म्हणाले. "शुक्रवारी पाचपर्यंत."

घडी घातलेला कागद दोन दिवस अंगणवाडीच्या कपाटात, डाळीच्या डब्याखाली पडून राहिला. ती तो काढी, उघडी, परत ठेवी. सही केली तर गणित पुन्हा होणार. गिरजाबाई सुटली आहे, ती परत अडकायची. आणि रेवती आज त्यात नाही, ती उद्या असली तर? आपल्या हाताने तिला त्यात घालायचं? तेरा घरं कोणती हे माहीत नव्हतं, त्यामुळे तिला ती सगळ्याच दारांत दिसत. गुरुवारी रेवतीची मैत्रीण पल्लवी घरी जेवायला होती. वनमालाने तिच्या ताटात तूप वाढलं, मग आणखी वाढलं. पल्लवी म्हणाली, "काकू, पुरे नं जी." वनमाला चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली आणि आवाज न करता रडली. तरी सही केली नाही. तिच्या जागी आपण असतो तर केली असती, असं ज्याला वाटतं त्याने खुशाल म्हणावं.

शुक्रवारी पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"तुमचा आक्षेप आला नाही," पळशीकर म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"नाही सर."

"कुणाचाच आला नाही. तुमच्यासारखे एकशे सात जण येऊन गेले माझ्याकडे, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून. फॉर्म मोजून आलेले. सगळ्यांनी आधी तेच विचारलं."

वनमाला भिंतीला टेकली. "त्यांतल्या कुणाचं तरी लेकरू निघालं असंन नं? त्यानं तरी..."

"बावीस जणांची निघाली. त्यांनी आक्षेपाची वाट कशाला पाहायची? मुलांना घेऊन गेले, मामाकडे, वसतिगृहात, जिथे चिमण्या नाहीत तिथे. त्यांना तरी काय बोलणार? तुमच्याच गावच्या शाळेतल्या दोन मुली गेल्या या आठवड्यात."

"मुख्याध्यापकांच्या," वनमाला पुटपुटली. शेजारच्या गावाचे बीएलओ तेच होते. वर्ध्याची शाळा चांगली आहे, असं सांगत होते सगळ्यांना. "बरं झालं. वाचल्या पोरी."

"त्या वाचल्या. धूर मात्र तेवढाच आहे ताई. यंत्र रोज नव्याने खुंट्या पिळतं. यादीतल्या माणसांच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही, तर ते ओझं उरलेल्या मुलांवरच पडणार. तुमच्या गावचा आकडा मी आत्ता पाहिला. अजून तेराच आहे."

बाहेर अंगणात पोरी खो-खो खेळत होत्या. त्यांचा दम लागलेला आरडाओरडा आतपर्यंत येत होता.

"सर," वनमाला म्हणाली, "माही रेवती? तुम्ही तर सांगितलं होतं..."

"मी तुम्हांला बुधवारचं सांगितलं होतं."

"आणि आज?"

"पाच वाजून गेले ताई," पळशीकर म्हणाले. "आता कशाला विचारता?"

फोन बंद झाला. वनमालाने रेवतीला हाक मारली. ती डाव अर्ध्यावर सोडून पळत आली, घामाने निथळत, कमरेवर हात ठेवून धापा टाकत. "काय व आई?" तिने विचारलं. वनमाला तिच्या छातीला कान लावून बसली, आणि बाकीच्या पोरी डाव थांबवून दोघींकडे पाहत उभ्या राहिल्या.