सोड म्हणेपर्यंत

भंडाऱ्याहून लाखांदूरला जाणाऱ्या एसटीत रंजू खिडकीशी बसली, तेव्हा तिच्या मांडीवरच्या पिशवीत दोन अ‍ॅडॅप्टर, एक जुनं मेमरी कार्ड, काळ्या टेपची गुंडाळी, पक्कड आणि आईसाठी अर्धा किलो पेढे असं सामान होतं. माहेरी निघालेली बाई असली पिशवी नेत नाही. पण रंजूला आईला भेटायचं होतंच, शिवाय डबाही दुरुस्त करायचा होता.

डबा म्हणजे विमानांचा रिसीव्हर. आकाशातलं प्रत्येक विमान आपलं नाव, उंची आणि वेग सतत सांगत असतं. घरावर एक अँटेना, खाली तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्यात खोचलेला एक डोंगल एवढं जमवलं, की ते कुणालाही ऐकू येतं, आणि नकाशावर विमानांचे ठिपके सरकताना दिसतात. जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये राहणारी, भंडाऱ्यात कॉम्प्युटर क्लासला शिकवणारी रंजू हे आपलं आपण शिकली, आणि डबा तिनं माहेरच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरावर बसवला. घर तलावाच्या काठाला, वर आकाश मोकळं. लोकांना ती हे कारण सांगायची. खरं कारण तिचे बाबा होते. श्यामलाल जन्मभर त्या तलावात मासे धरत आला, पण डोक्यावरून विमान गेलं की हातातलं काम टाकून वर बघत राहायचा. एवढ्या उंचावरून आपला तलाव केवढा दिसत असेल, हे त्याला फार विचारावंसं वाटे.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी श्यामलाल डोंगा, आपली लाकडी होडी, घेऊन तलावात गेला आणि परत आला नाही. डोंगा सापडला, जाळं सापडलं, माणूस सापडला नाही. तेव्हापासून रंजूची आई, बायाबाई, एकटीच राहायची. लेकीनं दहादा बोलावलं, जावयानं स्वतः येऊन म्हणून पाहिलं, पण तिनं घर सोडलं नाही. भिंतीवर टांगलेल्या टॅबमध्ये ती नवऱ्याची विमानं बघत बसायची, आणि रंजू लांबून डब्याची काळजी घ्यायची. दोघींचं बोलणं त्या डब्याच्या निमित्तानं व्हायचं.

मागच्या रविवारी रंजूनं घरबसल्या डब्याचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेलं, आणि चांगलं चाललेलं बिघडवून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी आईचा फोन आला, की सगळी विमानं गेली, एकच उरलं आहे. कुठं दिसतं, असं रंजूनं विचारलं. तलावात, असं आई म्हणाली. रंजूला हसू आलं होतं. फोन ठेवल्यावर मात्र तिला वाटलं, की आईचा आवाज कितीतरी दिवसांनी एवढा बरा लागला.

घरी पोचली तेव्हा दुपार होती. आई वाळली होती. नऊवारीला खालून गुडघ्यापर्यंत गाळाचे डाग होते, आणि कशानं लागले म्हटलं तर तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. रंजूनं पाणी पिऊन कामाला हात घातला. पहिली चूक लगेच सापडली. आईनं डब्याचा अ‍ॅडॅप्टर कंदिलासारख्या चार्जिंगच्या दिव्याला लावला होता आणि डब्याला मोबाईलचा साधा चार्जर. डब्याला वीज पुरत नव्हती. तो बदलला. मग कळलं, की नव्या सॉफ्टवेअरनं डोंगलला टीव्ही बघायचा डोंगल समजून भलत्याच कामाला जुंपलं आहे. तेही सोडवलं. तरी विमानं येईनात, म्हणून ती शिडी लावून वर चढली. अँटेनाच्या जोडात पाणी शिरलं होतं. तिनं केबल कापली, टोक पुसलं, आणि खाली आईला हाक मारून विचारलं, आता टॅबवर काय दिसतं.

“आहे न,” आई खालून म्हणाली. “चालून राहिला.”

रंजूच्या हातात कापलेली केबल होती. पडद्यावर जुनंच पान अडकलं असेल, असं ती स्वतःला म्हणाली. कॉम्प्युटरचं शिक्षण असलं की असं म्हणायला बरं पडतं. तिनं नवा जोड बसवला, टेप गुंडाळली आणि खाली उतरली.

विमानं आली. नागपूरहून कलकत्त्याकडे जाणारं एक, हैदराबादहून वर जाणारं एक, एकामागून एक ठिपके उगवले, प्रत्येकाशेजारी नाव आणि उंची. रंजूला हायसं वाटलं. मग तिची नजर तलावावर गेली. तिथंही एक ठिपका होता. त्याला नाव नव्हतं. उंची शून्य. वेग माणूस चालतो तेवढा. आणि सिग्नल इतका जोराचा, जणू बोलणारा अंगणात उभा आहे.

तासभर डोकं खाजवल्यावर तिला मेख सापडली. जुन्या आवृत्तीत एक चाळणी होती. जमिनीला टेकलेलं, चालीच्या वेगानं सरकणारं, विमान असूच शकत नाही असं काही आलं की ती खोटं समजून फेकून द्यायची. नव्या आवृत्तीत ती चाळणी काढून टाकली होती, एवढंच. जुन्या चाळणीनं दोन वर्षांत इथल्या किती संध्याकाळी काय फेकून दिलं असेल, हा विचार तिनं पुरा होऊ दिला नाही. तिनं पिशवीतून जुन्या आवृत्तीचं कार्ड काढलं आणि आईला समजावून सांगितलं, की हे डब्यात घातलं म्हणजे तो ठिपका दिसणार नाही.

बायाबाईनं कार्डाकडे पाहिलं. “दिसनार नाही, का येनार नाही?” तिनं विचारलं.

कार्ड तसंच रंजूच्या हातात राहिलं.

आई उठली, टॅबजवळ गेली आणि ठिपक्यामागची वाट बोटानं दाखवू लागली. मोठं ओढायचं जाळं टाकायचं तर माणसं दोन लागतात. एक जण जाळ्याच्या दोराचं टोक धरून काठावर उभा राहतो. दुसरा डोंग्यातून जाळं सोडत अर्धा गोल फिरून काठाशी परत येतो. ठिपका रोज नेमका तसाच फिरत होता. उंबराकडून निघून, मोठ्या खडकाला उजवीकडे ठेवून, श्यामलालच ठेवायचा तसा. “हे टोक कोन धरते?” बायाबाई हळूच म्हणाली. “म्हनून जातो मी.”

बाहेर ऊन उतरलं होतं. अगहनाचे, म्हणजे मार्गशीर्षाचे दिवस, साडेपाचलाच अंधारून येतं. आई दाराबाहेर पडली तशी रंजू मागोमाग निघाली. वाटेत भेटलेल्या शेजारणीनं, सुशीलाबाईनं, रंजूला बाजूला घेतलं आणि कानाशी सांगितलं, की हिला सांभाळ बाई, परवा घोट्याएवढ्या पाण्यात होती, काल गुडघ्याएवढ्या. बाप गेलाच होता. आता आई रोज एक पाऊल त्याच्याकडे चालली होती आणि आपण तिला पडदा दाखवून वाट दाखवली, हे रंजूला स्वच्छ कळलं.

ती घाटावर पोचली तेव्हा बायाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. उजवी मूठ छातीशी घट्ट. तलाव सपाट होता, बगळे बसायला गेलेले, कुठं माणूस नाही, डोंगा नाही. फक्त डांबराचा वास येत होता, डोंग्याला लावतात त्या डांबराचा. आणि लाकडावर पाणी आपटल्याचा आवाज, एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. रंजू चपला काढून पाण्यात शिरली.

“माय, बाहेर ये.”

“हळू बोल. मासोळ्या भेतेत.”

“काहून करून राहिली असं?”

बायाबाई पाण्याकडे बघत म्हणाली, “समोरचा ‘सोड’ म्हनत नाही तोवर दोरी सोडाची नाही. लहानपनापासून शिकवलं हाये… म्या सोडली.”

त्या दिवशी दोराचं टोक तिच्याच हातात होतं. श्यामलाल डोंग्यात उभा राहून जाळं ताणत होता. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. बायाबाईनं एक हात मोकळा करून फोन कानाला लावला, दोर एकाच हातात राहिला. ताणलेला दोर सुटला आणि उभा माणूस मागं गेला. एवढंच झालं होतं. दोन वर्षं तिनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

“फोन कोनाचा होता, माय?”

आई तिच्याकडे बघेना. पण रंजूला आठवलं. क्लासमधून निघताना तिनं नकाशावर एक भलं मोठं विमान गावावरून जाताना पाहिलं होतं आणि आईला फोन केला होता, की बाबाला सांग, वर पाहा म्हणावं. अर्ध्या मिनिटाचा फोन. आई हो म्हणाली होती, आणि मग आवाज तुटला होता. लेकीच्या मनाला हे लागू नये म्हणून या बाईनं दोन वर्षं सगळा दोष एकटीनं गिळला, जेवण सोडलं, घर सोडलं नाही. रंजूला रडू कोसळलं. तिनं आईला तसंच पाण्यात मिठी मारली, पण आईची मूठ मधेच राहिली, दगडासारखी.

डाव्या हातात उंच धरलेल्या फोनवर तिनं पाहिलं. ठिपका वळला होता. काठापासून शंभर हातांवर, मग ऐंशी. डांबराचा वास वाढला. बायाबाईनं पुढचं पाऊल टाकलं आणि पाणी तिच्या छातीला लागलं.

“दे मले,” रंजू म्हणाली.

“नको.”

“माह्या फोनापायी सुटली न. मंग मीच धरन. दे, माय.”

तिनं आईची बोटं एकेक करून उघडली. आत काही नव्हतं. ते काही नसलेलं तिनं आपल्या उजव्या हातात घेतलं आणि मूठ आवळली, आणि तिचा खांदा एकदम खाली ओढला गेला, कारण ते जड होतं. ओलं होतं. दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं.

बायाबाई काठावर जाऊन बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून म्हणाली, भूक लागली. रंजू अंधार पडेपर्यंत उभी राहिली. कान देऊन उभी राहिली. ठिपका काठाला लागला, वास ओसरला, पाणी गप्प झालं. ‘सोड’ असं कुणीही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यात जुनं कार्ड घातलं. तलाव नकाशावर रिकामा दिसू लागला. आईनं न सांगता गाठोडं बांधलं आणि लेकीबरोबर जवाहरनगरला आली.

सगळ्यांना वाटलं, बरं झालं. बायाबाई अंगानं भरली, हसू लागली, सात वर्षांच्या नातीला, खुशबूला, मांडीवर घेऊन गोष्टी सांगू लागली. तलावाची गोष्ट मात्र तिनं कधी काढली नाही. जावई कैलाश सेकंड शिफ्टला जाताना सासूच्या हातचा चहा पिऊन जायचा. आणि रोज साडेपाचला रंजूची उजवी मूठ मिटायची. क्लासमध्ये असली तर ती डाव्या हातानं टाइप करायची. घरी असली तर पदराखाली हात घ्यायची. पाऊण तासानं मूठ आपोआप उघडायची, तळवा ओला असायचा, आणि डांबराचा वास साबणानं जायचा नाही. नस आखडते, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. आईला तर काहीच सांगितलं नाही. आईकडून ती एवढं नक्की शिकली होती.

माघात एका संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती. मूठ मिटलेली. खुशबू आली, जवळ उभी राहिली, आणि आईची बोटं उघडायला लागली. रंजूनं हात मागं घेतला.

“मम्मी, सोड न,” खुशबू म्हणाली. “आजोबा केव्हाचे म्हनून राहिले, सोड म्हनून. तुले ऐकू नाही येत का?”

रंजूचं काळीज भरून आलं. म्हणजे बाबा म्हणत होते. रोज म्हणत होते. धरणाऱ्यांनाच इतकं घट्ट धरावंसं वाटत होतं, की त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. तिनं डोळे मिटले, “ऐकू येते, बाबा” असं पुटपुटली आणि मूठ उघडली. खांद्यावरचं ओझं उतरलं. हात कोरडा होता. वास नव्हता. तिनं खुशबूला उचलून पोटाशी धरलं आणि पुष्कळ वेळ सोडलं नाही.

रात्री तिघी जेवायला बसल्या. भात, झिंग्यांची भाजी. बऱ्याच दिवसांनी रंजू पोटभर जेवत होती, आईशी थट्टा करत होती. मग तिचं लक्ष गेलं, की खुशबू डाव्या हातानं घास घेते आहे. अन्नाला डावा हात लावू नये, उजव्यानं खा, असं ती सवयीनं म्हणाली.

खुशबूनं उजवा हात ताटाआड लपवला होता.

“तो रिकामा नाही न, मम्मी,” ती म्हणाली, आणि पुढचा घास घेतला. बायाबाईनं आपल्या हातातला घास हळूच ताटात ठेवला.