खुर्चीचं भाडं

झेरॉक्सच्या मशीनमधला कागद संपला आणि दोघांची ओळख झाली. पुस्तकातल्या प्रकरणाची एकच प्रत निघाली होती; पहिली अर्धी पानं तिच्या हातात, उरलेली रांगेतल्या एका उंच मुलाच्या. वाचायचं तर एकत्रच बसायला हवं होतं. बसले, आणि प्रकरण संपल्यावरही बसत राहिले.

वर्ग त्याला लंबू म्हणायचा आणि तिला हिशेबी. कुणी कुणाचं पेन परत केलं नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं.

मग समाजशास्त्राच्या मॅडमनी चिठ्ठ्या काढल्या. हिशेबी अभिजात सिद्धांतांच्या गटात गेली, लंबू आधुनिक सिद्धांतांच्या. त्यात मॅडमचा नियम असा, की प्रत्येक गटाला समोरच्या गटातला एक विरोधक. त्यानं सगळ्या तालमींना खिडकीपाशी गप्प बसायचं, प्रेझेंटेशनच्या दिवशी एकच अवघड प्रश्न विचारायचा, आणि तोवर त्या गटाशी अवाक्षर बोलायचं नाही. लंबूच्या गटासाठी नेमकी हिशेबीचीच चिठ्ठी निघाली.

ती गप्प बसून बघायची. लंबू येताना कँटीनमधून चहा आणायचा. एकच कप. तो जायचा कुरळीकडे. कुरळी गटाच्या स्लाइड्स करायची. ती हसली की तिचे केसही हसायचे. मग ती उठून आपली खुर्ची त्याला द्यायची आणि कप घेऊन शेजारी टेकायची. साहेबांना खुर्चीसुद्धा तिनं ऊब दिलेलीच लागते, हिशेबीनं मनात नोंदवलं.

घरी जेवताना आधुनिक गट किती सुमार आहे हे ती ताईला सांगत राहिली. ताईनं विचारलं, "आणि तुझ्या गटाचा विषय काय गं?" तो आठवायला तिला जरा वेळच लागला.

प्रेझेंटेशनच्या दिवशी लंबूनं विनिमयाचा सिद्धांत मांडला. माणसं नात्यातही देवाणघेवाण बघतात, काही मिळत असेल तरच देत राहतात, वगैरे. हिशेबीनं सत्तेवरचा चांगला जड प्रश्न तयार ठेवला होता. ती उभी राहिली आणि तोंडातून भलताच बाहेर पडला.

"समजा, एक मुलगा रोज एकाच मुलीला चहा आणून देतो. तर तुमच्या सिद्धांताप्रमाणे त्याला... काय मिळतं?"

वर्गात खसखस पिकली. मॅडमनी चष्मा वर सरकवला, पण अडवलं नाही. प्रश्न विषयाला धरूनच होता.

लंबूचे कान लाल झाले. "खुर्ची मिळते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"खिडकी तिच्याच खुर्चीवरून दिसते. बाकी कुठूनही मध्ये खांब येतो... आणि विरोधकाशी बोलायला तर बंदी होती."

"मी काय फुकट जागा देणार होते?" कुरळी म्हणाली.

विरोधकाला उत्तर मान्य आहे का, मॅडमनी विचारलं. हिशेबी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "विचार करून सांगते." तालमींचा तिचा सगळा हिशेब एका खांबामुळे चुकला होता.

मधल्या सुट्टीत ती कँटीनमध्ये त्याच्यासमोर आली. त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"हा कशाचा?"

"भाडं. तुझ्या शेजारच्या खुर्चीचं, आगाऊ."

त्यानं पाय लांबवून खुर्ची तिच्याकडे सरकवली. "कुठवर राहणार?"

"बघू..." ती बसली, त्याच्याच कपातला एक घोट घेतला आणि म्हणाली, "आणि कुरळीचा चहा आजपासून बंद."