सवतीचा टाक

सवत मातीची असली तरी सोसवत नाही म्हणतात. कल्याणीच्या वाट्याला तर चांदीची आली होती.

पिंपळवंडीच्या सोपानची पहिली बायको ज्योत्स्ना तापानं गेली आणि वर्षाच्या आत कल्याणी त्या घरात आली. आल्या दिवशीच सासूनं, जानकाबाईनं, काळ्या दोऱ्यात ओवलेला सवतीचा टाक तिच्या गळ्यात बांधला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवं पातळ आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घासही तिचाच.

"तिचं तिला दिलं की ती गप ऱ्हाती," जानकाबाई म्हणायची.

तीन वर्षं कल्याणीनं मुकाट पाळलं, पण आतून नुसता जळफळाट! मेलेल्या बाईच्या मागून का म्हणून जेवायचं? त्यात सोपान हा असा घुम्या. कामाला वाघ, पण बायकोकडं बघून कधी हसला असेल तर शपथ.

चैत्रात कांदा काढणीला आला, तेव्हा पेठची दिशा कॅमेरा घेऊन आली. शेतात राबणाऱ्या कुटुंबांचे ती काळे-पांढरे फोटो काढत गावोगाव हिंडत होती.

"रंगीत न्हाई व्हय?" कल्याणीनं विचारलं.

"रंग असला की लोक साडी बघतात, ताई. मला राबणारे हात दिसायला हवेत."

कल्याणीच्या मनानं घेतलं. घरात भिंतीवर एकच फोटो, सोपान आणि ज्योत्स्नाचा. हिचं लग्न घाईत उरकलेलं, फोटोबिटो काही नाही. आता निघेल तो तरी आपल्या दोघांचा निघू दे, त्यात ती बया नको! न्हाणीत जाऊन तिनं दोरा सोडला, टाक चिंधीत गच्च बांधून बाजरीच्या डब्यात खुपसला. वर कोरं पातळ नेसली, तेही टाकाला न लावता.

"अगं, कांद्याच्या रानात कुणी कोरं नेसतं व्हय?" जानकाबाई खेकसली. पदर गळ्याभोवती होता म्हणून मोकळा गळा काही तिला दिसला नाही.

भर दुपारी गोणपाटं टाकून तिघं पात कापायला बसली. कल्याणी मुद्दाम सोपानच्या उजव्या अंगाला, खांद्याला खांदा लावून बसली. समोर दिशानं कॅमेरा धरला, विळ्यांची कच्-कच् सुरू झाली. थोड्या वेळानं कांद्याच्या उग्र वासातून तिला दुसराच वास आला... मोगऱ्याच्या तेलाचा. घरात कुणी तसलं तेल लावत नव्हतं. आणि सोपानच्या बाजूचा तिचा खांदा हळूहळू गार पडत गेला, एवढ्या उन्हात.

आठवडाभर टाक डब्यातच राहिला आणि पदर गळ्याभोवती. मग दिशा फोटो घेऊन आली. कल्याणीनं तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

ती फोटोत होती. पण पार कडेला, वाफ्याच्या टोकाशी. तिच्यात आणि सोपानमध्ये एक बाई मावेल एवढी जागा मोकळी. आणि त्या मोकळ्या जागेकडं तोंड करून सोपान हसत होता. डोळ्यांतून, गालांतून, नव्या नवऱ्यासारखा. ज्या हसण्याची तिनं तीन वर्षं वाट बघितली, ते हसू होतं ते. तिच्या अंगाची आग झाली. भीती त्याच्या नंतर आली.

"जवळ सरका म्हणून मी दोनदा सांगितलं, ताई," दिशा म्हणाली. "तुम्ही ऐकलंच नाही."

"मी... मी तर त्यांना चिकटून बसले व्हते..."

जानकाबाईनं फोटो बघितला. मग सुनेचा गळा बघितला. तिचा आवाज अगदी खाली गेला.

"पोरी... टाक कुठंय?"

कल्याणी डब्याकडं धावली. चिंधीची गाठ होती तशीच होती. दातांनी सोडली. आत नुसता काळा दोरा.

ती तशीच अनवाणी रानात पळत सुटली. सोपान एकटाच उरलेल्या कांद्यापाशी बसला होता. बांधावरूनच तिला कच्-कच् ऐकू आली आणि तिच्या जिवात जीव आला. जवळ जाऊन बघते तर सोपाननं विळा कधीच खाली ठेवलेला. तो निवांत तंबाखू मळत होता.

कच्-कच् चालूच होती.

"अवं..." म्हणत ती त्याच्या उजव्या अंगाला टेकायला गेली. सोपाननं मान वर केली नाही. तो गालातल्या गालात हसत होता.

"तिकडं बस की," तो म्हणाला. "हितं जागा कुठंय?"