साचेवाले काकांचा पत्ता

प्रतिस्पर्ध्यांची जाहिरात टेबलावर आपटून मालक म्हणाले, "हे आपलं कुलूप आहे."

तेच होतं. तीन कड्यांचं, उलटी चावी फिरणारं. अजून बाजारात यायचं होतं. त्याचं ड्रॉइंग कारखान्याबाहेर एकदाच गेलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी, ताईच्या मेलमधून, साचे बनवणाऱ्याकडे.

"पाच वाजता पोलीस येतील. त्याआधी खरं सांग."

ताई बारा वर्षं ड्रॉइंग विभागात होती. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. "मी साचेवाले काकांनाच पाठवलं. बघा ना, नाव दिसतंय."

चोरी झाली की आधी फाटकावरच्याला बोलावतात, म्हणून आबाही तिथे होते. साठीला टेकल्यावर ते नातीच्या वहीत अक्षरं शिकले होते. अजूनही बोट ठेवून वाचायचे.

"नावाखाली पत्ता असेल ना?" त्यांनी विचारलं.

"पूर्वी दिसायचा," ताई म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी भाचेसाहेबांनी सगळ्यांच्या मेलमधल्या पत्त्यांच्या याद्या आवरल्या. आता नुसती नावं दिसतात."

मालकांचा भाचा खिडकीशी येरझारा घालत होता. "लांबलचक पत्ते कोण बघतं, मामा?"

"मी बघतो," आबा म्हणाले. "उघड, पोरी."

ताईनं नावावर बाण नेला. खाली पत्ता उमटला. आबांनी फाटकाच्या रजिस्टरला टाचलेलं साचेवाल्याचं कार्ड आणलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले.

"आबा, संध्याकाळ होईल," भाचा म्हणाला.

"होऊ दे." बोट थांबलं. "हा त्यांचा पत्ता नाही."

ताईनं कार्ड ओढून स्वतः ताडून पाहिलं.

"मग झालं तर," भाचा म्हणाला. "पुरवठादार क्रमांक चारला ड्रॉइंग पोहोचलंय, साचेही झालेत. म्हणजे हिनं दोनदा पाठवलं. एकदा तिकडे, एकदा चोरांकडे."

"इथे तर एकदाच पाठवलेलं दिसतंय," आबा पडद्याकडे बघत म्हणाले.

"दुसरं पुसलं असेल."

आबांनी साचेवाल्याला फोन लावायला सांगितला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"काका, ड्रॉइंग कुणाकडून आलं?"

"ताईकडून. तिचंच नाव होतं."

"मेलवर तुमचं नाव काय पडलंय?"

"एरवी साचेवाले काका असं येतं. बायकोला दाखवून हसतो मी. या वेळी..." पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "हां. पुरवठादार क्रमांक चार. मला वाटलं, पोरगी रुसली की काय."



"मालक, तुमच्या यादीत ते कोण आहेत?" आबांनी विचारलं.

मालक ओशाळले. "उशीरलाल."

"मेलवर समोरच्याचं नाव तसंच जातं, जसं पाठवणाऱ्यानं आपल्या यादीत घातलंय. फाटकावर गाड्यांचे निरोप येतात, त्यावरून मला कळलं. ताईच्या मेलवर मी 'आबा'. तुमच्या मेलवर 'फाटक'. भाचेसाहेबांच्या मेलवर 'सुरक्षा क्रमांक एक'. माणसांना नंबर देणारा या कारखान्यात एकच आहे."

भाच्यानं येरझारा थांबवल्या.

"याद्या आवरताना तुम्ही ताईच्या साचेवाले काकांखाली दुसराच पत्ता घातलात, स्वतःसाठी काढलेला. वर नाव तेच, म्हणून तिला संशय आला नाही. ड्रॉइंग तुमच्याकडे आलं. साचे अडले असते तर बोभाटा झाला असता, म्हणून तेच पुढे साचेवाल्याला पाठवलंत. पाठवणारी म्हणून ताईचं नाव लावलंत. पण ज्याला पाठवलं, त्याचं नाव तुमच्या यादीतलं गेलं."

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "इथे मी जन्मभर भाचाच राहणार होतो. त्या दुसऱ्या कंपनीनं भागीदार करतो म्हटलं."

मालकांनी जाहिरातीची घडी घातली. मग ताईला म्हणाले, "तू उद्या ये. झालं गेलं विसर."

ताईनं साचेवाल्याचं कार्ड समोर ठेवलं आणि खरा पत्ता घालायला बसली. "येईन. पण मालक, माझ्या नावाखाली कोण आहे, ते बारा वर्षांत तुम्हीही कधी उघडून बघितलं नाहीत."

बाहेर गाडी थांबली. पाच वाजले होते. आबा फाटक उघडायला गेले.