आवाज कमी करा, राव

शेकोटी जरा पलीकडं सरकवा रे, धूर डोळ्यांत जातोय. पॉवर हाउसचा माणूस येईपर्यंत सोसायटीत काही उजेड व्हायचा नाही. बसा. फारूकची गोष्ट सांगतो.

फारूक माझा जुना रूम पार्टनर. चिंचवड स्टेशनच्या मागं त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या कॅसेटवरची लग्नं, बारशी तो पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. मन लावून काम करणारा माणूस.

दोन हजार तेवीस साल. डिसेंबरची बारा तारीख, मंगळवार. अवस होती. संध्याकाळी सातला खेडकडची एक म्हातारी दुकानात आली. कौशल्याबाई. तिनं पिशवीतून एक कॅसेट काढली आणि तिच्यावर एक फोटो ठेवला. तिचा मुलगा नवनाथ. वीस वर्षांमागं चाकणला कामाला म्हणून आला, तो परत गेलाच नाही. कुणीतरी त्याच्या सामानाचं पोतं तेवढं घरी आणून टाकलं. कॅसेट त्यातलीच.

"मावसभावाच्या लग्नात लई नाचला व्हता," बाई म्हणाली. "त्याचीच असंल. एकदा हलता-बोलता बघायचाय मला. फोटो कसा, गप बसतो."

फारूकनं तिला सकाळी बोलावलं. बाई तिच्या भाचीकडं काळेवाडीला मुक्कामाला गेली. कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ उतरवायला लागतो, म्हणून त्यानं साडेदहाला शटर ओढून घेतलं, मशीन लावलं आणि डबा उघडला.

लग्न नव्हतंच. जुना काळा-पांढरा हिंदी सिनेमा होता. ओला रस्ता, टोप्या घातलेली माणसं, तळघरात चोरून चालणारा जुगाराचा क्लब. आरशामागं एक दार. सुरुवातीची धून ऐकली आणि फारूकच्या हातातला घास हातातच राहिला.

तो सिनेमा त्यानं कधी पाहिला नव्हता. पण त्यातला शब्द न् शब्द त्याला पाठ होता.

त्याचं असं झालं होतं. चाकणला आंबेठाण रस्त्याला पत्र्याच्या खोल्यांत आम्ही दोघं राहायचो. कंपनी एकच. शेजारच्या खोलीत हिंदुराव नावाचा माणूस होता. दारावर पाटी व्हिडिओ लायब्ररीची, आत रात्रभर तीन पत्ती. पत्त्यांची भांडणं बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून तो रोज एकच कॅसेट मोठ्या आवाजात लावायचा. लोकांना वाटावं, सिनेमा चाललाय. मधली भिंत तेवढी एका विटेची. आमच्या दोघांच्याही खाटा त्याच भिंतीला.

एका रात्री माझी नाइट होती, फारूक एकटाच होता. दीड-दोनच्या सुमाराला पलीकडून किंकाळी आली. मग दुसरी. मग तिसरी. त्याची साडेपाचची बस होती. त्यानं भिंतीवर तीनदा ठोकलं.

"आवाज कमी करा, राव. सकाळी शिफ्ट आहे."

आवाज कमी झाला. त्याला झोपही लागली.

किंकाळी सिनेमातलीच, असं तो वीस वर्षं मनाला सांगत आला होता. माझी नाइट नसती तर मीच ठोकलं असतं, पोरांनो. हे मी विसरत नाही.

काय म्हणतोस, बंटी? भुताला रिमोट चालवता येतो का? हस बाबा. ऐकून झाल्यावर पण हस.

तर फारूक बघत बसला. सिनेमात क्लबचा मालक एका माणसाला आरशामागं ओढत नेतो. दार बंद होतं. आतून एक गोळी. बस. किंकाळी नाहीच.

फारूकनं कॅसेट मागं घेतली. पुन्हा लावली.

या वेळी दार बंद झालं नाही.

आत टोपीवाले नव्हते. पत्र्याची खोली होती. दोघांनी एका पोराला जमिनीवर दाबून धरलेलं. त्याचा हात लाकडी स्टुलावर. फोटोतलाच पोरगा. हिंदुरावाच्या हातात व्हील पाना.

"पत्ते वाटताना कुठल्या बोटानं खूण केलीस?"

पाना खाली आला. हाड मोडल्याचा आवाज… ओली काटकी मोडावी तसा.

"ह्या?"

पाना पुन्हा आला.

"का ह्या?"

फारूकनं बटण दाबलं. मशीन थांबेना. वायर उपटली. चित्र तसंच. पोरगा ओरडत होता. मारू नका म्हणत नव्हता. आई म्हणत होता. नुसतं आई…

मग ठोके. तीन.

पडद्यावर हिंदुराव थांबला. भिंतीकडं बघून हसला. सिनेमाचा आवाज कमी केला. टेबलावरचं फडकं घेतलं. पोराच्या तोंडात कोंबलं. खोलवर. अंगठ्यानं.

पाना वर गेला. या वेळी डोक्यावर.

आवाज नाही.

पुन्हा.

आवाज नाही…

रक्त भिंतीपर्यंत आलं. त्याच भिंतीपर्यंत. पलीकडं फारूक झोपला होता.

पडदा विझला. दुकानात अंधार. आणि मागच्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं. बाहेरून. तीनदा.

त्या भिंतीमागं नाला आहे, पोरांनो. पंधरा फूट खोल. उभं राहायला जागा नाही.

"भाऊ…" हळू आवाज. तोंडात काहीतरी असल्यासारखा. "एवढा… चालंल का?"

सकाळी बाई आली तेव्हा फारूक शटरला टेकून बसलेला होता. त्यानं तिला सगळं सांगितलं. पानाही सांगितला, ठोकेही सांगितले. काही झाकलं नाही, आणि पेन ड्राइव्ह तिच्यापुढं ठेवला. हिंदुराव तोवर मेला होता, अंथरुणात, सुखानं. त्या खोल्यांवरून आता रुंद रस्ता गेलाय, कंटेनर धावतात.

बाईनं फोटोवरून हात फिरवला. मग विचारलं,

"मला हाक मारली का त्यानं?"

"मारली, आई."

तिनं फोटो उचलून पदराखाली घेतला. पेन ड्राइव्ह त्याच्याकडं परत सरकवला.

"त्याचा आवाज माझ्याजवळ हाय. ह्यो तुमी ठेवा."

आता तो माझ्याकडं असतो. फारूकला घरात नको वाटतो. चित्र काहीच उतरलं नाही, नुसता काळा पडदा. आधी तीन ठोके. मग फारूकचा आवाज, पंचविशीतला, झोपाळू: आवाज कमी करा, राव. त्या रात्री चाकणला कुणी काही रेकॉर्ड करत नव्हतं.

पुढं दोन तास शांतता. पण कान लावला, तर कुणीतरी फडक्यातून श्वास घेतंय. मी शेवटपर्यंत ऐकलंय. रेकॉर्डिंग संपतं, मी पेन ड्राइव्ह काढून हातात घेतो…

श्वास चालूच असतो.