दाराकडे बघणारा फोटो

मसाल्याला नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण होती ती गंधालीच्या फोटोची.

मुलुंड पूर्वेला, म्हाडा कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गंधालीने घरगुती मालवणी मसाल्याचा धंदा काढला होता. मिरच्यांची देठं काढायची, धणे, दगडफूल, त्रिफळ निवडून भाजायचं, हे काम सासूचं, रुक्मिणीचं. फोनवर ऑर्डरी घ्यायच्या हे सुनेचं. त्या फोनवर धंद्याच्या नावाशेजारी जो छोटा गोल असतो, त्यात गंधालीने आपला फोटो लावला होता. केस सरळ करून घेतलेले, गॉगल कपाळावर चढवलेला, पाठीमागे लोणावळ्याचा डोंगर. बरेच दिवस झाले तरी ओळखीपाळखीच्या बायका सोडून कोणी पाकीट मागवलं नाही.

शेजारची माणिक तोंडाची फटकळ. चहा पिता पिता म्हणाली, "तुझा डीपी बघून लोक लिपस्टिक मागवतील गं, मसाला नाही. एवढी गोंदलेली सासू घरात बसलीय, तिचा लाव ना!"

गंधालीने वळून सासूकडे पाहिलं. माळ्यावर टाकलेलं भांडं चांदीचं निघावं, तसं पाहिलं.

रुक्मिणीच्या कपाळावर तीन हिरवे ठिपके होते आणि हनुवटीवर एक. ती एवढीशी पोर असताना गावच्या अंगणात एका बाईने ते सुईने टोचले होते. ती रडायला लागली तेव्हा आई म्हणाली होती, "सोना-नाणा हयंच रवता बायो. मेल्यार ह्या तेवढा तुझ्यावांगडा वर येतला." थोरल्या मुलाच्या, निलेशच्या लग्नात मात्र गंधालीने मेकअपवालीला सांगून त्याच ठिपक्यांवर पावडरीचे थर चढवले होते. फोटोत डाग दिसतात म्हणून.

आता तिने फोनमधलं चेहरा गुळगुळीत करणारं बटण स्वतःच बंद केलं.

"गोंदण दिसलंच पाहिजे," ती म्हणाली. "त्याच्यावरच तर भरोसा बसतो लोकांचा."

ट्रंकेतलं नऊवारी निघालं. खिडकीशी स्टूल ठेवलं. पाठीमागे स्वयंपाकघराची हिरवट भिंत, तिच्यावरचं कॅलेंडरसुद्धा काढून ठेवलं. उजेड एका बाजूने पडला पाहिजे, चेहऱ्याने गोल भरला पाहिजे, मागे पसारा नको, गंधालीने सगळा अभ्यास केला होता. खाडीकडचा वारा सुटला होता आणि त्याबरोबर जुन्या कचऱ्याच्या डम्पिंगचा आंबट वास घरात येत होता. रुक्मिणीला घाम फुटला.

"आई, हसा. दात नको. अहो, मयताला बसल्यासारखं काय तोंड करताय?"

"माका खोटा हसाक येना नाय गो."

फोटोमागून फोटो झाले. एकही जमेना. गंधालीने फोन खाली घेतला, जरा विचार केला, पुन्हा वर धरला आणि एकदम ओरडली, "आई, दारात बघा! आकाश भावोजी आले!"

आकाश हा रुक्मिणीचा धाकटा. भावाशी भांडून दहाएक वर्षांमागे घरातून गेला तो गेलाच. एकदा सुरतेहून फोन आला होता, मग काही नाही. रुक्मिणी गावी जाऊन राहायला तयार नव्हती ती एवढ्याचसाठी. त्याला ठाऊक असलेला पत्ता हाच होता. लहानपणी तो तिच्या हनुवटीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवून झोपायचा. म्हणायचा, "जत्रेत हरवलो ना आये, तरी ह्या ठिपक्यावरनं तुला शोधून काढीन."

रुक्मिणीने मान वळवली. सगळा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा उजळला. फोन खटकन वाजला.

दारात कोणी नव्हतं.

"सॉरी हां आई," गंधाली फोनवरची नजर न उचलता म्हणाली. "पण काय लूक आलाय! झकास!"

रुक्मिणी काही वेळ तशीच दाराकडे बघत राहिली. मग लुगड्याच्या पदराने तोंड पुसून तिने मिरच्यांचं सूप पुढ्यात ओढलं.

फोटो गोलात बसला आणि फोनला उसंत राहिली नाही. 'आजींच्या डोळ्यांत माझी आई दिसली,' असं कोणी लिहिलं. 'किती माया आहे या चेहऱ्यात,' असं कोणी. गणपतीच्या तोंडावर गंधालीने पाकिटांवर चिकटवायला तोच गोल छापून आणला.

रुक्मिणीची एक जुनी सवय होती. दुपारी हात कामात असले की ती मनात दार उघडायची आणि दारात आकाशला उभं करायची. तेवढ्याने तिचा दिवस जायचा. आता दार उघडायचं, आकाशही यायचा, पण आत काही हलायचं नाही. रिकाम्या डब्यात हात घातल्यासारखं व्हायचं. वयामुळे असेल, तिने मनाला समजावलं.

मग तिचा गुडघा बरा झाला. डावा गुडघा कित्येक वर्षं धरलेला होता आणि ती तो पाय ओढत चालायची. एक पाऊल सरळ, एक ओढत. जिन्यात एवढा आवाज आला की अख्ख्या मजल्याला कळायचं कोण येतंय ते. एका सकाळी ती उठली आणि दोन्ही पाय सरळ पडले.

"बघा, फोटो लकी निघाला," गंधाली म्हणाली.

दसऱ्याच्या सुमारास माणिकने तिला जिन्यात थांबवलं. "काकू, ठिपका कुठे गेला? लेझर मारलात की काय? ह्या वयात स्टाइल हां!" ती हसत होती, आणि हसता हसताच तिचं हसू अडकलं. "काकूच ना तुम्ही?" असं विचारून ती स्वतःच ओशाळली आणि भराभर खाली उतरली.

रुक्मिणीने आरशात पाहिलं. हनुवटी कोरी होती, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखी. कपाळावर तीनांतला एक ठिपका उरला होता, तोही पाण्यात विरघळल्यासारखा. ती तशीच मसाल्याच्या पाकिटांपाशी गेली. पाकिटावरच्या गोलात चारही ठिपके हिरवेगार होते. त्यांच्या कडा जराशा सुजलेल्या होत्या. सुई टोचल्या दिवशी असतात तशा.

नोव्हेंबरात निलेशने तिच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला घेतला. हल्ली त्यासाठी कुठे जावं लागत नाही. फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरायचा, तो सांगेल तेव्हा डोळे मिटायचे आणि उघडायचे. समोर जिवंत माणूस आहे एवढं त्याला कळलं की झालं.

फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. पुन्हा केलं. जुळत नाही.

"आई, नीट बघ ना यार."

"बघतंय रे. आणखी कसा बघू?"

गंधाली वैतागून हसली. "थांबा, हा दाखवून बघू." तिने आपल्या फोनवरचा गोल मोठा केला आणि निलेशच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

"वेडी आहेस का?" निलेश म्हणाला. "डोळे मिटा म्हणतोय तो. फोटो काय डोळे—"

फोन टिंग करून वाजला.

रुक्मिणीला पडदा दिसत नव्हता. तिला त्या दोघांचे चेहरे तेवढे दिसत होते. गंधालीने झटकन फोन पालथा घातला. निलेश बायकोकडे बघत राहिला.

"काय झाला?" रुक्मिणीने विचारलं.

"मंजूर झाला दाखला," निलेश म्हणाला. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "काम झालं ना, मग झालं."

रात्रीच्या जेवणाला रुक्मिणी म्हणाली, "तो फोटो काढून टाक गो."

"आई, लेबलं छापून झालीत. आता कुठे बाहेरचे दुकानवाले विचारायला लागलेत."

"आकाश इलो तर माका ओळखूचो नाय."

गंधालीने हातातला घास ताटात टाकला. "तुम्हाला बघून ओळखायला आता राहिलंय काय? गोंदण नाही, काही नाही. आलेच भावोजी तर त्या फोटोवरनंच येतील. उपकार माना, तो तरी आहे."

निलेशने आमटीची वाटी तोंडाला लावली आणि ती संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गंधाली आंघोळीला गेल्यावर रुक्मिणीने तिचा फोन उचलला. फोटो कसा पुसतात ते तिला माहीत नव्हतं. तिने गोलावर बोट ठेवलं तशी ती बाई पडदाभर मोठी झाली. दाराकडे बघणारी, उजळलेली. रुक्मिणीने तिच्या हनुवटीवरच्या ठिपक्यावर बोट दाबलं. काच लागली नाही. ऊबदार, सैल, म्हातारी कातडी लागली. आणि तिने बोट मागे घ्यायच्या आत ती हनुवटी अलगद वर उचलली गेली, बोटाला टेकली. झोपाळू पोराने बोट ठेवल्यावर आईची उचलली जाते तशी.

फोन गादीवर टाकून ती मागे सरली.

पुढच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक बाई भांडुपहून स्वतः आली. तिला आजींच्या पाया पडायचं होतं. ती रुक्मिणीच्या खांद्यावरून घरात डोकावत होती.

"आजी झोपल्यात," गंधाली म्हणाली. "ह्या मावशी. कामाला असतात आमच्याकडे."

गिऱ्हाइकापुढे वेळ मारून नेली, रुक्मिणीला वाटलं. बाई गेली. दार लागलं.

"मावशी, लसूण सोलून ठेवा."

रुक्मिणीने सुनेचा चेहरा निरखून पाहिला. त्यात चेष्टा नव्हती. राग नव्हता, कपटही नव्हतं. कपट असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी निलेश आला. चपला काढता काढता त्याने तिच्याकडे पाहिलं आणि बायकोला दबक्या आवाजात विचारलं, "ह्या अजून गेल्या नाहीत?"

"निलेश," ती म्हणाली, "अरे, आवस तुझी मी, आई."

तो संकोचून हसला, परक्या बाईने सलगी केल्यावर हसतात तसा, आणि आत गेला.

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात निजू लागली. तिला कोणी घराबाहेर काढलं नाही. कोणी विचारलंही नाही. आतल्या खोलीत तिची खाट होती, पण त्या खोलीचं दार आता लोटलेलं असायचं. सकाळी गंधाली आत जाऊन चादर झाडायची. चादरीवर रात्रभर कोणी झोपल्याच्या वळ्या असायच्या.

रविवारी दुपारी बेल वाजली. रुक्मिणीने दार उघडलं.

तो अंगाने सुटला होता. कानाशी केस पिकले होते. पण कान तेच होते, बापासारखे पुढे आलेले.

"आकाश," ती म्हणाली.

"हो." त्याने वाकून आत पाहिलं. "तुम्ही?"

त्याच्या हातात मसाल्याचं पाकीट होतं. निलेश आणि गंधाली पुढे आले. मिठ्या झाल्या, रडणं झालं. आकाश पाकीट दाखवत सांगत होता, "नवसारीत एका दुकानात दिसलं. आयेचा फोटो. अशी दाराकडे बघतेय ना, मला वाटलं, माझीच वाट बघतेय. मग राहवलंच नाही."

"बाबू," रुक्मिणी पुढे झाली. "मी तुझी आये."

त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग हनुवटीकडे. मग भावाकडे.

"तुझ्या ढोपराक वण असा," ती घाईने म्हणाली. "नळाकडे पडलं होतंस. मी हळद भरलंय."

आकाशचे डोळे भरून आले. तो हसला. "आये अजून सगळ्यांना सांगत बसते वाटतं ते! तुम्ही बसा मावशी, उभ्या का?"

त्याने तिला आपल्या हाताने खुर्चीशी नेलं. हात ऊबदार होता. ती बसली नाही.

"आये कुठाय?" त्याने विचारलं.

कोणी रुक्मिणीकडे पाहिलं नाही. निलेश आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता. गंधालीही.

रुक्मिणीची नजर भिंतीशी रचलेल्या पाकिटांवर गेली. प्रत्येक पाकिटावर गोल होता. प्रत्येक गोलात हिरवट भिंत होती, एका बाजूने आलेला उजेड होता.

बाई नव्हती.

"इलंय रे बाबू," आतून आवाज आला.

आवाज रुक्मिणीचा होता. तिचे ओठ मिटलेले होते.

खाट कुरकुरली. मग पावलं वाजली. एक सरळ, एक ओढत.

आकाशने वळून दाराकडे पाहिलं. त्याचा सगळा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा उजळला.

"मावशी," गंधाली हळूच म्हणाली, "जरा बाजूला व्हा. वाटेत उभ्या आहात."

रुक्मिणी बाजूला झाली. गुडघा मुळीच दुखला नाही.